पाव फेरा

अधिकारी : पण ही टाकी आत येऊ कुणी दिली तुम्हाला? खाली फाटकावर माणूस बसवलाय ना?

सिस्टर : बसवलाय की. त्यानंच दोन जिने चढवून दिली. बाजाराच्या चाकाच्या पिशवीत घालून आणली होती. त्याला म्हटलं, बाबा, माझे गुडघे गेलेत, एवढं ओझं वर पोचव. भला माणूस आहे, त्याच्यावर रागावू नका.

अधिकारी : बाई, ही चौकशीची खोली आहे. इथं असलं काही स्फोटक—

बोटवाला : स्फोटक कुठलं साहेब, पाण्याखाली श्वास घ्यायची हवा आहे ती. आपण घेतो तीच. नुसती दाबून भरलेली.

अधिकारी : तुम्हाला कुणी विचारलं? तुम्ही जबाबावर सही करायला आलात. सही करा आणि मोकळे व्हा.

सिस्टर : सही नको करूस अजून. आधी साहेबांना तो जबाब मोठ्यानं वाचू दे.

अधिकारी : बाई, साडेतीन वाजलेत. पाच वाजता ही फाइल न्यायालयाकडे जाते. तुमचं दुःख मी समजू शकतो, पण—

सिस्टर : दुःखाचं राहू द्या. अकरा महिने एका घरात राहतोय आम्ही, आता ओळख झालीय आमची. आणि बाई बाई करू नका. तीस वर्षं दवाखान्यात अतिदक्षता विभागात काढलीत, सगळं गाव सिस्टर म्हणतं. मला एवढंच सांगा, त्या फाइलवर नाव कुणाचं आहे?

अधिकारी : तुम्हाला माहीत आहे.

सिस्टर : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

अधिकारी : तुमच्या सुनेचं. पाण्याखाली सासऱ्यांच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून त्यांचा जीव घेतल्याचा संशय. आणि एक लक्षात घ्या, तक्रार बाहेरच्या कुणाची नाही. तुमच्या पोटच्या मुलीची आहे.

सिस्टर : पोटची आहे म्हणजे बरोबर आहे, असं कुठं असतं? ती पहिल्यापासून वहिनीला पाण्यात पाहते. मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा जेवता जेवता सांगून टाकलं, पोहण्याची शाळा माझ्यामागं सून चालवेल. लेकीनं ताट सरकवलं आणि उठली. त्यानंतर सहा आठवड्यांत मास्तर गेले. तिनं दोन आणि दोन पाच केले, आणि तुम्ही ते लिहून घेतलेत.

अधिकारी : तुमचा मुलगा काय म्हणतो?

सिस्टर : तो गाडीत बसलाय. बायकोशेजारी बसावं की बहिणीशेजारी, ते कळेना म्हणून. त्या दोघी खाली पायऱ्यांवर आहेत. एक या टोकाला, एक त्या टोकाला.

बोटवाला : मी येताना बघितलं वहिनी. सून अर्धी झालीय तुमची.

सिस्टर : होईल नाही तर काय. शिकवण्याचा परवाना काढून घेतला. ज्या मुलांना तिनं पाण्यात पाय टाकायला शिकवलं, त्यांच्या आया तिला बघून रस्ता बदलतात. अकरा महिने ती पाण्यात उतरलेली नाही. म्हणून मी आलेय साहेब. आज पाचच्या आत त्या फाइलवरचं नाव निघालं पाहिजे.

अधिकारी : सिस्टर, असं नाव निघत नसतं. मी सगळं तपासलंय. मास्तर तीस वर्षं लोकांना स्कूबा, म्हणजे पाठीवर टाकी बांधून पाण्याखाली जायला, शिकवत होते. समुद्र शांत होता. खोली अठरा मीटर. टाकीत हवा जवळजवळ पूर्ण शिल्लक. आणि व्हॉल्व्ह बंद करत आणलेला, जेमतेम पाव फेरा उघडा. व्हॉल्व्ह पाठीमागं, मानेजवळ असतो. त्या वेळी पाण्यात दुसरी एकच व्यक्ती होती. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय लिहिलं असतंत?

सिस्टर : हेच लिहिलं असतं. खोटं कशाला बोलू, मी मनात लिहिलंही होतं. आठ दिवस मी तिच्या हातचा चहा घेतला नाही. ती कप ठेवून जायची, मी मोरीत ओतायचे. तिला ते कळत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कप आणून ठेवायची.

अधिकारी : मग?

सिस्टर : मग तुमच्या फाइलमधल्या त्रेचाळीसाव्या पानाची प्रत घरी आली. मास्तरांच्या मनगटावरच्या घड्याळातली नोंद. ती बघितली आणि त्याच संध्याकाळी तिच्या खोलीचं दार वाजवलं. म्हटलं, चहा टाक, दोघी पिऊ.

अधिकारी : ते पान बाद झालंय. तज्ज्ञांचा शेरा आहे त्यावर. टाकीतला दाब मोजणारं यंत्र सदोष, सबब नोंद ग्राह्य नाही.

सिस्टर : वाचता येईना, कागद वाकडा. काढा ते पान. आणि याचा जबाबही काढा. आधी जबाब.

अधिकारी : पाच मिनिटं देतो. जास्त नाही. हं. "मी सदर बोटीचा मालक आणि चालक असून मास्तरांना वीस वर्षांपासून ओळखतो. घटनेच्या दिवशी मास्तर पाण्यात उतरण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे त्यांच्या टाकीचा व्हॉल्व्ह तपासला. मास्तर व्हॉल्व्ह उघडण्यास विसरले होते. मी तो पूर्ण उघडून पाव फेरा मागे घेतला." झालं. यात काय आहे?

सिस्टर : तूच सांग रे, हे पाव फेऱ्याचं काय असतं?

बोटवाला : जुनी पद्धत आहे वहिनी, तुम्हाला तर माहीत आहे.

सिस्टर : मला माहीत आहे. साहेब पोहण्याच्या तलावात कमरेपर्यंत उतरतात. त्यांना सांग.

बोटवाला : म्हणजे बघा साहेब, व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, अगदी अडेपर्यंत. मग पाव फेरा उलटा फिरवायचा. म्हणजे तो घट्ट बसून राहत नाही. आता नवीन लोक नाही करत तसं, पण आमच्या बोटीवर चालू होतं. माणूस उतरायच्या आधी शेवटचा हात माझा. व्हॉल्व्ह बघायचा, पाव फेरा, पाठीवर थाप, आणि जा म्हणायचं. वीस वर्षांत एकदा चुकलं नाही.

सिस्टर : आणि त्या दिवशी मास्तर उघडायला विसरले होते.

बोटवाला : हो ना. मलाच नवल वाटलं. हात लावला तर आपला फिरतोय, फिरतोय. म्हटलं, वय झालं मास्तरांचं. बोललो नाही. चारचौघांत कशाला माणसाची लाज काढा. उघडून दिला आणि सोडलं.

सिस्टर : साहेब, आता त्रेचाळीसावं पान. इकडे धरा, उजेडात. या दोन रेघा दिसतात? खालची मास्तर किती खोल होते त्याची. वरची टाकीतल्या दाबाची. हे घड्याळ टाकीशी जोडलं की चालू होतं, पाण्यात शिरल्यावर नाही. म्हणजे हा सुरुवातीचा तुकडा बोटीवरचा आहे. बरोबर?

बोटवाला : बरोबर.

सिस्टर : इथं बघा. नऊ वाजून चौदा मिनिटं. दाबाच्या रेघेखाली बारीक खुणा आहेत, तीन. नळीतून श्वास घेतला की घड्याळ तशी खूण करतं. उतरण्यापूर्वी तीन श्वास घेऊन बघायचे, ही त्याची शिस्त. तीन श्वास घेतले, आणि रेघ कशी आहे?

अधिकारी : सरळ आहे.

सिस्टर : व्हॉल्व्ह बंद असता तर तीन श्वास आले असते का?

बोटवाला : नळीत थोडी हवा उरते. एखादा येतो कसाबसा. तीन नाही येत. आणि दाबाचा काटा खाली पडतो लगेच.

सिस्टर : इथं पडला?

अधिकारी : नाही. दोनशेवर स्थिर आहे.

सिस्टर : म्हणजे मास्तर विसरला नव्हता. व्हॉल्व्ह उघडा होता. आता दोन मिनिटं पुढं या. नऊ सोळा. आता रेघ कशी आहे?

अधिकारी : दातेरी आहे. इथून पुढं सगळीच. करवतीसारखी. म्हणूनच तज्ज्ञ म्हणाले यंत्र बिघडलं.

सिस्टर : नऊ चौदापर्यंत शहाणं असलेलं यंत्र नऊ सोळाला बिघडलं? साहेब, मी तीस वर्षं कागदावरच्या वाकड्या रेघा वाचल्यात. कुठली यंत्राची खोड आणि कुठला माणूस, एवढं मला कळतं. हे दाते मोजा. एका मिनिटात किती?

अधिकारी : थांबा, पेनानं मोजतो. सात... आठ... नऊ. नऊ आहेत.

सिस्टर : आणि त्यांच्यातलं अंतर बघा. खाली, मग वर, मग जरा सपाट. प्रत्येक ठिकाणी तो सपाट तुकडा आहे. मास्तर श्वास सोडला की थांबायचा. झोपेतही थांबायचा. लग्न झालं तेव्हा मी घाबरून त्याला हलवायचे, म्हटलं गेला की काय हा. अडतीस वर्षं ते थांबणं ऐकत झोपलेय मी. हा यंत्राचा दोष नाही साहेब. हा माझ्या नवऱ्याचा श्वास आहे.

अधिकारी : पाणी घेता?

सिस्टर : मला नको. तुम्हालाच लागेल. उठा जरा त्या खुर्चीवरून. ही दुसरी घ्या, पाठीची.

अधिकारी : कशाला?

सिस्टर : हातच्या कांकणाला आरसा कशाला? टाकी आमच्या शाळेचीच आहे, तशाच जातीची. नळी, काटा सगळं जोडलंय. तू हिला खुर्चीच्या पाठीला पट्ट्यानं बांध रे. घट्ट. साहेब, बसा. आता तुम्ही मास्तर.

अधिकारी : सिस्टर, मी शासकीय—

सिस्टर : इंजेक्शन नाही देत मी. बसा.

बोटवाला : बसा साहेब, यांच्यापुढं डॉक्टर बसायचे.

सिस्टर : आता तू त्यांच्या मागं उभा राहा, बोटीवर राहायचास तसा. व्हॉल्व्ह बंद आहे, उघड. बोलत बोलत कर, साहेबांना मागचं दिसत नाही.

बोटवाला : हे बघा, आपल्याकडे ओढायचं. ओढायचं, ओढायचं, अडला. पूर्ण उघडला. आता पाव फेरा पुढं ढकलायचा. झालं. आणि ही थाप.

अधिकारी : हळू.

सिस्टर : नळी तोंडात घ्या. तो काटा हातात धरा आणि त्याच्याकडे बघत श्वास घ्या. रोखू नका. मास्तरांचा पहिला नियम तोच. वर येताना सावकाश, आणि श्वास कधी रोखायचा नाही. शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलाय. घ्या. हलतोय का काटा?

अधिकारी : नाही. स्थिर आहे.

सिस्टर : हा नऊ चौदाचा मास्तर. आता मला सांग रे, त्या दिवशी ते कुठं बसले होते?

बोटवाला : त्या दिवशी? एरवी मागच्या फळीवर बसायचे, पाण्याकडे तोंड करून, मी पाठीमागं उभा. त्या दिवशी तिथून उतरता येत नव्हतं. आदल्या दिवशीच रंग दिला होता मी फळीला, हिरवा. वाळलाच नव्हता. म्हणून मास्तर बाजूच्या काठावर बसले, पाण्याकडे पाठ करून. तसंच मागं पडायचं असतं पाण्यात.

सिस्टर : आणि सुनेनं काय केलं?

बोटवाला : ती सवयीनं फळीवर गेली आणि दोन्ही पायांचे ठसे उठवले माझ्या नव्या रंगावर. मी ओरडलो तिला. रागावलोच. म्हटलं जा आत, रॉकेलनं पाय घास, नाहीतर सगळी बोट हिरवी करशील. ती आत गेली घासायला.

सिस्टर : किती वेळ?

बोटवाला : पाच मिनिटं तरी. मास्तर म्हणाले, ती येईपर्यंत मी खाली जाऊन नांगराचा दोर तपासतो. नेहमीच पुढं जायचे ते दोर बघायला. मग ती आली आणि उतरली.

सिस्टर : साहेब, तिच्या घड्याळाची नोंद पान चव्वेचाळीस. पाण्यात शिरली नऊ एकवीसला. लक्षात ठेवा. आता खुर्ची मागं सरकवू. अशी, कपाटाला टेकवून. मागं जागा नाही, मागं समुद्र. मास्तर काठावर बसलेत. तू समोर ये. आता व्हॉल्व्ह तपास.

बोटवाला : समोरून?

सिस्टर : त्या दिवशी जसा तपासलास तसा.

बोटवाला : खांद्यावरून हात टाकला होता. असा. साहेब, मान जरा तिकडं. हं. आणि ओढला आपल्याकडे. फिरतोय. बघा, फिरतोय की, त्या दिवशी पण असाच फिरत होता. म्हणजे उघडलाच नव्हता... ओढला, ओढला, अडला. आता पाव फेरा पुढं—

सिस्टर : थांबलास का?

बोटवाला : वहिनी, हा उघडाच होता. आत्ताच मी उघडला होता. मागून.

सिस्टर : हो.

बोटवाला : मग आत्ता मी काय केलं?

(बोटवाल्याचा हात अजून अधिकाऱ्याच्या खांद्यावर आहे.)

सिस्टर : समोरून आपल्याकडे ओढलं की तो बंद होतो. आता पाव फेरा पुढं ढकल, तेवढाच उघडेल. पुरं कर. आणि थाप मार.

बोटवाला : नाही मारवत.

सिस्टर : ठीक. साहेब, श्वास घ्या. काट्याकडे बघा.

अधिकारी : पडतोय. घेतला की खाली जातो, थांबलो की वर येतो.

सिस्टर : दाते.

अधिकारी : दाते.

सिस्टर : आता दोन जिने धावत चढून आल्यासारखे जोरजोरात घ्या. घ्या, घ्या.

अधिकारी : जड येतंय. पुरत नाही. काढतो हे, नको.

सिस्टर : या खोलीत पंख्याखाली बसून पुरत नाही. अठरा मीटरवर त्याच एका श्वासाला जवळजवळ तिप्पट हवा लागते. बोटीवर मास्तरला काही कळलं नाही, सावकाश श्वास घेणारा माणूस. काट्यावर टाकी भरलेली दिसत होती. खाली गेला तसतसे दाते खोल होत गेले, बघा या रेघेवर. इथं तळाला पोचला. इथं दोर ओढून बघितला असेल, जोर लागला. आणि इथून दाते शून्याला टेकायला लागतात. खालची रेघ बघा, तो वर यायला निघालाय. सात मीटर वर आला. तिथून खाली. नऊ बावीस.

अधिकारी : सून पाण्यात शिरली नऊ एकवीसला.

सिस्टर : आणि पहिला दाता नऊ सोळाचा आहे. ती तेव्हा आत रॉकेलनं पाय घासत होती. व्हॉल्व्ह पाण्याखाली कुणी बंद केला असता तर तोपर्यंतची रेघ सरळ असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना साहेब, इथं चोरसुद्धा नाही. नुसती एक ओली फळी आहे.

अधिकारी : एक प्रश्न राहतो. तीस वर्षांचा अनुभवी माणूस. हवा कमी येतेय म्हटल्यावर त्यानं स्वतः हात मागं नेऊन व्हॉल्व्ह का नाही उघडला?

सिस्टर : उजवा खांदा. दीड वर्ष धरला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. सकाळी शर्ट मी घालून द्यायचे. कुणाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. स्कूबा शिकवणाऱ्याचा हात वर जात नाही म्हटल्यावर शाळेत कोण येईल?

बोटवाला : म्हणून दरवेळी म्हणायचे, बघ रे एकदा मागं.

सिस्टर : म्हणून. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. हेही लिहा साहेब, माझ्या नावानं लिहा. डॉक्टरांचा कागद आणलाय मी, हा घ्या.

बोटवाला : वहिनी, मी मारलं त्यांना.

सिस्टर : बस खाली. डोकं खाली घाल. हं, आता श्वास घे. ऐक. वीस वर्षं तू त्याला पाण्यातून वर ओढलंस. एकदा काविळीत खांद्यावर घालून घरी आणलंस, आठवतं? हाताला जी सवय तू त्याच्याच भल्यासाठी लावलीस, ती एक दिवस उलटी पडली. मला तुझा राग येऊन गेला. दोन महिने येत होता. मग उतरला. आता मला तुझ्याकडून एकच हवंय.

बोटवाला : साहेब, तो जबाब द्या इकडं.

अधिकारी : सही करताय?

बोटवाला : फाडतो. दुसरा लिहून घ्या. मी सांगतो.

अधिकारी : फाडता येणार नाही, जोडून पुरवणी घेता येते. पण आधी नीट समजून घ्या. हे लिहिलंत तर हलगर्जीपणाचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो. बोट बंद राहील. मी तुम्हाला सही करा म्हणणार नाही.

बोटवाला : येऊ दे. त्या पोरीनं काही न करता अकरा महिने झेललं. आणि मी तिच्याच विरुद्ध साक्षीला बसलो होतो, छाती पुढं काढून. मास्तर विसरले म्हणालो मी. माझ्या तोंडानं. लिहा साहेब. "मास्तर विसरले नव्हते." आधी ते लिहा.

अधिकारी : लिहितो. "मास्तर व्हॉल्व्ह उघडण्यास विसरले नव्हते. बोटीची मागची फळी ओली असल्यामुळं मी त्या दिवशी समोरून..." सावकाश सांगा. सगळं सांगा.

सिस्टर : आणि त्या तज्ज्ञांच्या शेऱ्याचं काय करणार?

अधिकारी : त्याखाली माझा शेरा येईल. "यंत्र निर्दोष. नोंदीतील चढउतार हे मयताचे श्वसन आहे. प्रात्यक्षिक समक्ष पाहिले."

सिस्टर : पाहिले नाही. घेतले.

अधिकारी : "समक्ष घेतले." बरं. आणि फाइल आज न्यायालयात जाणार नाही.

सिस्टर : ते मला पुरत नाही. आज जाणार नाही म्हणजे उद्या जाईल. नाव निघालं पाहिजे.

अधिकारी : सिस्टर, तुम्ही वॉर्डात डॉक्टरांना कसं जगू दिलंत?

सिस्टर : कागद पुरा झाल्याशिवाय पाळी संपू द्यायची नाही, एवढाच माझा त्रास होता त्यांना.

अधिकारी : मग हे ऐका. "उपलब्ध नोंदीवरून मयताच्या सुनेचा या मृत्यूशी कोणताही संबंध आढळत नाही. तिच्याविरुद्धचा संशय या क्षणी मागे घेण्यात येत आहे. शिकवण्याचा परवाना परत करावा." खाली माझी सही. तारीख. वेळ, चार वाजून पन्नास.

सिस्टर : वाचा पुन्हा.

अधिकारी : सगळं?

सिस्टर : कोणताही संबंध, तिथपासून.

अधिकारी : "कोणताही संबंध आढळत नाही." शिक्का मारू?

सिस्टर : मारा. जोरात मारा, खालपर्यंत ऐकू जाऊ दे. बास. जिंकले मी, मास्तर. ऐकतोयस ना? जिंकले. द्या आता ते पाणी.

बोटवाला : घ्या वहिनी. बसून प्या.

सिस्टर : उभ्यानंच पिते. साहेब, ती खिडकी उघडते का?

अधिकारी : जरा अडते. हं, उघडली. त्या दोघी अजून पायऱ्यांवरच आहेत. पण आता एकाच टोकाला.

सिस्टर : काय म्हणता?

अधिकारी : तुमची मुलगी सरकून आलीय. हातात तुमचं ते त्रेचाळीसावं पान आहे बहुतेक. सून तिला बोटानं काहीतरी दाखवतेय त्यावर.

सिस्टर : मीच सकाळी लेकीच्या पर्समध्ये कोंबलं होतं. म्हटलं, आईचं नाही ऐकलंस, बापाचा श्वास तरी वाच. रडतेय का?

अधिकारी : मुलगी? हो. आता वर बघतायत. तुमची सून हातानं काहीतरी खूण करतेय. अंगठा वर, आणि दोन बोटं जवळ आणतेय. मला समजत नाही.

बोटवाला : पाण्याखालची खूण आहे साहेब. विचारतेय, दोघींनी जोडीनं वर यायचं का.

सिस्टर : सरका जरा, मला दिसू द्या. हो गं. या. जोडीनंच या. जिना मोठा आहे, घाई करू नका. सावकाश या, आणि श्वास रोखू नका.